अमेरिकेत शिखांची ओळख करून देताना सुरुवात कुठून करावी?

मिशिगनकाठ

मी गेली अकरा वर्षे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराच्या दक्षिणेला राहते. आमच्या घराजवळच ओक क्रीक हे गाव आहे. ५ ऑगस्ट २०१२ रोजी, रविवारी सकाळी, तिथल्या गुरुद्वाऱ्यात बायका लंगरच्या, म्हणजे सर्वांसाठी असलेल्या सामुदायिक जेवणाच्या, स्वयंपाकात गुंतलेल्या असताना एका बंदूकधाऱ्याने आत शिरून सहा जणांचे प्राण घेतले. गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका हाताला लागलेली साधी सुरी घेऊन त्याला अडवायला पुढे झाले आणि त्यातच गेले. जबर जखमी झालेले बाबा पंजाबसिंग पुढे साडेसात वर्षे अंथरुणाला खिळून राहिले आणि मार्च २०२० मध्ये त्यांचेही निधन झाले.

हा धागा काढण्याचे कारण मात्र आजचे आहे. पुढच्या महिन्यात आमच्या भागातील सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात शीख धर्माची ओळख करून देणारा दोन तासांचा कार्यक्रम ठरला आहे. पुढाकार गुरुद्वाऱ्यातील तरुणांचा आहे आणि शेजारधर्म म्हणून आमच्या मराठी मंडळाने हातभार लावावा, अशी त्यांनी विनंती केली आहे. पहिल्याच बैठकीत आमच्यातील एका सदस्याने सुचवले की दारातल्या फलकावर सर्वांत वर 'शीख म्हणजे मुसलमान नव्हेत' असे ठळक लिहावे, कारण लोकांचा मूळ गैरसमज तोच आहे. सूचना सद्भावनेने केलेली होती. गुरुद्वाऱ्याकडून आलेल्या एका वयस्कर बाईंनी ती शांतपणे नाकारली. त्या म्हणाल्या, "हे वाचून ज्याचा आमच्यावरचा राग जाईल, तो तोच राग घेऊन पलीकडच्या मशिदीपाशी जाईल. मग आपण त्याला शिकवले काय?"

त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचले आणि गुरुद्वाऱ्यात जमणाऱ्या संगतीतल्या लोकांशी बोलले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडते आणि आपले मत विचारते.

शिखांविषयीचा गैरसमज ११ सप्टेंबर २००१ नंतर सुरू झाला असे आपण धरून चालतो, पण तो त्याहून फार जुना आहे. १९०७ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकूड गिरण्यांतील हिंदुस्थानी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. त्या मजुरांपैकी बहुतेक शीख होते, पण तेव्हाच्या वर्तमानपत्रांच्या लेखी ते सरसकट 'हिंदू' होते. कॅलिफोर्नियातील स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्याची स्थापना १९१२ ची. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्वाचा अधिकार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला. १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले आणि तिथे पोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे सभासद ठरले. म्हणजे शतकाहून अधिक काळ हे लोक या देशात शेती करत, लाकूड कापत, टॅक्सी चालवत, निवडणुका लढवत राहिले आहेत. असे असूनही २०१५ च्या सुमारास 'नॅशनल सिख कॅम्पेन' या संस्थेने हार्ट रिसर्च या कंपनीकडून पाहणी करून घेतली तेव्हा ६० टक्के अमेरिकनांनी शिखांविषयी आपल्याला काहीच माहिती नसल्याचे कबूल केले.

या अज्ञानाची किंमत पहिल्यांदा सर्वांसमोर आली ती १५ सप्टेंबर २००१ रोजी. ॲरिझोनातील मेसा शहरात बलबीरसिंग सोधी आपल्या पेट्रोल पंपाबाहेर फुलझाडे लावून घेत होते. दाढी आणि दस्तार, म्हणजे शिखांची पगडी, पाहून एका माणसाने त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर अनेक शीख संस्थांनी घाईघाईने पत्रके काढली. शीख कोण नाहीत, हे त्यांतल्या बऱ्याच पत्रकांत आधी आणि शीख कोण आहेत, हे नंतर होते. मी त्यांना दोष देत नाही. घराला आग लागली असताना माणूस आधी दाराकडेच धावतो.

२०१७ च्या वैशाखीला, म्हणजे शिखांच्या एप्रिलमधील सणाला, वर उल्लेखलेल्या 'नॅशनल सिख कॅम्पेन'ने 'वुई आर सिख्स' ही मोहीम सुरू केली. समाजाने वर्गणी काढून तेरा लाख डॉलर उभे केले होते आणि त्यातून दूरचित्रवाणीवर जाहिराती दाखवण्यात आल्या. मोहिमेच्या आधी लोकांचे छोटे गट बसवून काय सांगितले की मनाला भिडते, हे तपासले होते. त्यातून दिसले की धर्माची उत्पत्ती, दहा गुरूंची नावे आणि पाच ककारांची (केश, कंगवा, कडे, कच्छा आणि किरपाण या अंगावर वागवायच्या खुणांची) यादी ऐकून माणसे फारशी जवळ येत नाहीत. पण दस्तार ही समतेशी असलेल्या बांधिलकीची खूण आहे, आणि ती बांधणारा माणूस तुमच्या मुलाच्या शाळेत पालक म्हणून येतो, असे सांगितले की ऐकणारा सरसावून बसतो.

मला स्वतःला त्या बाईंचे म्हणणे पटते. ओळख 'आम्ही कोण आहोत' इथूनच सुरू व्हावी. पण दोन तासांच्या कार्यक्रमात ती नेमकी कशी उभी करावी? आणि अशा कार्यक्रमांनी खरोखर काही बदलते का? जाणकारांनी मनमोकळेपणे लिहावे.

वाटाड्या

धागा काढल्याबद्दल आभार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मला अधिक अवघड वाटतो.

मेसा येथील खुनी माणूस चुकला असे आपण म्हणतो तेव्हा, त्याने योग्य माणूस ओळखून मारला असता तर ते बरोबर ठरले असते, असा अर्थ नकळत त्या वाक्यात शिरतो. गुरुद्वाऱ्यातील बाईंनी नेमके हेच ओळखले आहे. त्यापुढे जाऊन मी असे म्हणेन की ओक क्रीकच्या बाबतीत अज्ञान हे कारणच अपुरे आहे. तो हल्लेखोर अनेक वर्षे गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा प्रचार करणाऱ्या टोळ्यांत आणि त्यांच्या संगीत मंडळांत वावरत होता. त्याला कोणी शीख धर्मावरील पुस्तिका दिली असती तर त्याने हत्यार खाली ठेवले असते, असे मानणे भोळेपणाचे आहे. माहितीअभावी होणारा द्वेष आणि माहिती असूनही केलेला द्वेष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जनजागृती पहिल्यावरच चालते.

दुसऱ्यासाठी कायदा आणि नोंद लागते. २०१२ पर्यंत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या द्वेषमूलक गुन्ह्यांच्या नोंदणीत शिखांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा रकानाच नव्हता. ओक क्रीकच्या हल्ल्यानंतर सहा आठवड्यांनी, १९ सप्टेंबर रोजी, हरप्रीतसिंग सैनी हा अठरा वर्षांचा मुलगा सिनेटच्या समितीपुढे साक्षीला उभा राहिला. त्याची आई परमजीत कौर त्या हल्ल्यात गेली होती. माझ्या आईला निदान आकडेवारीतला एक आकडा होण्याचा तरी मान द्या, अशा अर्थाचे मागणे त्याने सरकारपुढे मांडले. आईसाठी मुलाला इतके थोडे मागावे लागते, हे मी आजही सहजपणे वाचू शकत नाही. २०१५ पासून तो रकाना आला. त्यामुळेच आज आपल्याला माहीत आहे की २०२२ मध्ये धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांत ज्यूंविरुद्धच्या घटनांच्या खालोखाल शिखांविरुद्धच्या १८१ घटनांची नोंद झाली.

तेव्हा कार्यक्रम जरूर करावा, पण कार्यक्रम केला म्हणजे सुरक्षितता आली असे कोणाला सांगू नये. आणि स्वतःची ओळख पटवून देणे ही जिवंत राहण्याची अट आहे, असा सूर तर त्यात अजिबात असू नये.

मिशिगनकाठ

वाटाड्या, आपले म्हणणे मला मान्य आहे. त्यात इथली एक गोष्ट जोडते. सतवंतसिंगांचा मुलगा प्रदीप कालेका याने हल्ल्यानंतर काही महिन्यांनी आर्नो मायकेलिस याची भेट घेतली. हा मायकेलिस पूर्वी इथल्याच वंशद्वेष्ट्या टोळ्यांत पुढारी होता आणि बऱ्याच वर्षांपूर्वी त्यातून बाहेर पडला होता. वडिलांना मारणारा माणूस कोणत्या वाटेने तिथवर पोचला असेल, हे प्रदीपला त्याच्याकडून समजून घ्यायचे होते. पुढे त्या दोघांनी 'सर्व्ह टू युनाइट' या नावाने शाळाशाळांतून एकत्र काम केले. म्हणजे आपण ज्याला दुसऱ्या प्रकारचा द्वेष म्हणता, त्यातून बाहेर पडलेली माणसेही असतात. पुस्तिका वाचून ती बाहेर पडत नाहीत, हे मात्र खरे. मायकेलिसने अनेकदा सांगितले आहे की ज्यांचा तो द्वेष करत होता त्याच माणसांनी त्याला अनपेक्षितपणे आपुलकीने वागवले आणि तिथून त्याच्या मनातल्या द्वेषाला तडे जाऊ लागले.

ओक क्रीकमध्ये दर ऑगस्टमध्ये त्या दिवसाच्या स्मरणार्थ 'चढदी कला' या नावाने सहा किलोमीटरची दौड होते. संकटातही मन वरच्या पट्टीत ठेवणे, एवढा अर्थ त्या दोन शब्दांत आहे. दौडीत पळणाऱ्या गोऱ्या शेजाऱ्यांना तो अर्थ कोणी व्याख्यान देऊन शिकवलेला नाही, तरी ते शब्द आता त्यांच्या तोंडी बसले आहेत.

खडूफळा

मी न्यू जर्सीत माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे या विषयाकडे वर्गाच्या बाजूने पाहते.

'सिख कोअलिशन' ही संस्था २००१ च्या हल्ल्यांनंतर लगेच उभी राहिली. तिने २०१४ मध्ये शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक शीख मुलांना शाळेत छळ सोसावा लागतो आणि दस्तार किंवा पटका (मुले केसांवर बांधतात ते लहान कापड) बांधणाऱ्या मुलांत हे प्रमाण ६७ टक्क्यांवर जाते, असे तीत आढळले. माझ्या एका वर्गात असा एक मुलगा होता. जगातील धर्म या धड्याच्या वेळी माझ्या आधीच्या शिक्षकाने त्याला उभे करून 'आता हा आपल्याला सांगेल' असे म्हटले होते. हेतू वाईट नव्हता. पण बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर अख्ख्या धर्माचे प्रतिनिधित्व ठेवले गेले, आणि त्याला उत्तर नीट आले नाही तेव्हा मुले हसली. पुढे मला त्याच्या आईने सांगितले की त्या दिवशी घरी येऊन त्याने केस कापण्याविषयी विचारले होते.

म्हणून माझे मत असे आहे की सर्वांत टिकाऊ काम पाठ्यक्रमात होते. शीख संस्थांनी न्यू जर्सी, टेक्सस, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा राज्यांतील शिक्षण मंडळांपुढे वर्षानुवर्षे जाऊन शीख धर्माचा उल्लेख अभ्यासक्रमाच्या आराखड्यात आणला. हे काम संथ आणि कंटाळवाणे असते. मसुद्यावर हरकती नोंदवायच्या, सुनावणीत दोन मिनिटे बोलायचे आणि पुढच्या सुनावणीची वाट पाहायची. पण धडा पुस्तकात आला की माहिती देण्याचे ओझे मुलावरून उतरते आणि शिक्षकावर येते, आणि ते तिथेच असायला हवे. पुस्तकात आले म्हणजे बरोबर आले असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातील एका शालेय पुस्तकात गुरू नानकांचे मुकुट घातलेले आणि दाढी कोरलेले चित्र छापले होते. समाजाने आक्षेप घेतल्यावर ते काढावे लागले. छाटलेल्या दाढीचे ते चित्र पाहून केश राखणाऱ्या मुलाला स्वतःविषयी काय वाटले असते, याचा विचार छापणाऱ्याने केला नव्हता.

आपल्या कार्यक्रमात किरपाणाचा, म्हणजे शीख अंगावर बाळगतात त्या कट्यारीचा, प्रश्न हमखास येईल, त्याची तयारी ठेवावी. इथे उत्तर टाळले की संशय वाढतो. कॅलिफोर्नियातील लिव्हिंगस्टन इथल्या तीन भावंडांच्या खटल्यात १९९५ मध्ये अपील न्यायालयाने मुलांना शाळेत किरपाण ठेवू दिले, पण पाते बोथट आणि लहान असावे, ते म्यानात शिवून टाकलेले असावे आणि कपड्यांच्या आत असावे, अशा अटींवर. दुर्बलाच्या रक्षणाची जबाबदारी अंगावर वागवण्याची ती खूण आहे, हे आधी सांगावे आणि मग या अटी सांगाव्यात. पालकांची भीती खरी असते. तिला हसण्यावारी नेऊ नये.

गोदाकाठ

मी नांदेडचा आहे, अमेरिकेत कधी गेलेलो नाही, तरीही लिहितो, कारण मराठी मंडळाने या कार्यक्रमात काय आणावे या प्रश्नाचे उत्तर आमच्या गावाकडे आहे असे मला वाटते.

गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला आणि आपल्यानंतर देहधारी गुरू नसून ग्रंथ हाच गुरू असेल, असे सांगितले. त्याच गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. म्हणजे ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात जेव्हा ग्रंथासमोर माथा टेकला जातो, तेव्हा शिंप्याच्या घरात जन्मलेल्या आपल्या संताच्या शब्दांपुढेही तो टेकला जातो. नामदेवांना हीन जातीचा म्हणून देवळातून उठवले, ते मागच्या बाजूला जाऊन भजन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा औंढा नागनाथाची म्हणून आपण लहानपणापासून ऐकतो. तोच प्रसंग नामदेवांच्या एका पदात आहे आणि ते पद ग्रंथसाहिबात आहे. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरले, तेही नामदेवांच्या त्या गावाशी असलेल्या नात्यामुळेच.

समता ही शिखांची मूल्यकल्पना आहे, असे फलकावर लिहिले तर ते कोणत्याही संस्थेच्या माहितीपत्रकासारखे वाटेल. पण ज्याला देवळात बसू दिले नाही त्याचे शब्द या धर्माने आपल्या गुरूच्या ठिकाणी ठेवले, असे सांगितले तर अमेरिकन माणसाला ते समजेल. त्या देशातही कोणाला कुठे बसू द्यायचे यावरून मोठा इतिहास घडलेला आहे.

आणखी एक सांगावेसे वाटते. पंगत हा शब्द आपला आणि त्यांचा एकच आहे. आपल्याकडे मात्र पंगतीत कोण कुठे बसतो, हे शतकानुशतके जातीने ठरत आले. लंगरच्या पंगतीत ते ठरत नाही. मराठी मंडळाने शिखांची ओळख करून द्यायला उभे राहताना हा फरक आधी स्वतःशी मान्य करावा, असे मला मनापासून वाटते.

अबोली

गोदाकाठ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मला एका उणिवेकडे लक्ष वेधायचे आहे. अशा मोहिमांत दस्तार बांधलेला पुरुष एवढाच चेहरा पुढे येतो. ते स्वाभाविक आहे, कारण हल्ले त्याच खुणेवर होतात. पण त्यामुळे शीख बाई चित्रातून नाहीशी होते. ओक क्रीकला मारल्या गेलेल्या परमजीत कौर यांच्या डोक्यावर दस्तार नव्हती. काही स्त्रिया दस्तार बांधतात, बऱ्याच जणी बांधत नाहीत, आणि केस कापलेले पुरुषही स्वतःला शीखच म्हणवतात. १६९९ च्या वैशाखीपासून, म्हणजे खालसा पंथाच्या स्थापनेपासून, पुरुषांचे सिंग आणि स्त्रियांचे कौर ही नावे बरोबरीने उभी आहेत, हे सांगायला कार्यक्रमात एखादी कौरच असावी, आणि तिच्याकडे फक्त स्वयंपाकघर सोपवलेले नसावे.

दुसरे, पगडी बांधून देण्याविषयी. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये वैशाखीच्या सुमारास शीख तरुण येणाऱ्या-जाणाऱ्यांना पगड्या बांधून देतात आणि लोक रांगा लावतात. माझ्या परिचयातील काही शिखांना ते आवडत नाही. ती गंमत म्हणून डोक्यावर घ्यायची वस्तू नव्हे, असे त्यांना वाटते. दुसऱ्यांचे म्हणणे असे की पाच मीटरचे कापड कोणी आपल्या डोक्याभोवती हळुवारपणे गुंडाळत असताना माणूस तेवढा वेळ शांत बसतो आणि विचारायला धजत नव्हता ते विचारतो. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, पण बांधणाऱ्याने बांधता बांधता बोलावे आणि आधी डोके झाकण्याचा अर्थ सांगावा.

बेफिकीर पाखरू

मी ह्यूस्टनला असतो. थोडक्यात लिहितो. इथल्या हॅरिस काउंटीच्या शेरीफ खात्यात संदीपसिंग धालीवाल हे पहिले शीख डेप्युटी होते आणि २०१५ पासून त्यांना गणवेशावर दस्तार आणि दाढी राखण्याची परवानगी मिळाली. २७ सप्टेंबर २०१९ रोजी रस्त्यावर एक गाडी थांबवली असताना त्यांच्यावर मागून गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला हजारो लोक आले आणि पुढे इथल्या एका टपाल कार्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. दहा वर्षे त्यांना रोज आपल्या रस्त्यांवर पाहिलेल्या लोकांना शीख म्हणजे कोण, हे वेगळे सांगावे लागले नाही.

म्हणून गणवेशाचे नियम बदलणे हेही जनजागृतीचेच काम आहे, असे मी मानतो. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने २०१६ च्या अखेरीस आणि अमेरिकी भूदलाने जानेवारी २०१७ मध्ये दस्तारीसाठी नियम सैल केले. त्याआधी एकेका सैनिकाला वेगळी परवानगी मागावी लागत होती.

टेम्सपलीकडे

ब्रिटनमध्ये क्रम उलटा होता, हे नोंदवतो. इथे आधी हक्काचे लढे झाले आणि त्यांतून ओळख पसरली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बसचालकांचा दस्तारीसाठीचा लढा १९६७ ते १९६९ असा दोन वर्षे चालला. मोटारसायकलच्या हेल्मेटमधून सूट देणारा कायदा १९७६ मध्ये आला आणि शाळेने दस्तारीमुळे प्रवेश नाकारलेल्या मुलाच्या बाजूने हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९८३ मध्ये निकाल दिला. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने वाद झाले, त्यांतले बरेचसे कडवट होते, पण त्या वादांतच सामान्य ब्रिटिश माणसाला दस्तार म्हणजे काय ते कळले. अमेरिकेत ओळखीचे काम दुःखाच्या प्रसंगानंतर सुरू झाले, म्हणून त्यात अजून बचावाचा सूर राहतो, असे मला दुरून वाटते.

वाटाड्या

टेम्सपलीकडे यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे, पण अमेरिकेतही हक्कांचा लढा फार आधी सुरू झाला होता. फक्त तो स्वदेशाच्या हक्कांचा होता. पॅसिफिक किनाऱ्यावर १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या गदर या क्रांतिकारी चळवळीचा कणा शीख शेतकरी आणि गिरणी कामगार होते, आणि त्यांच्यात आपली माणसेही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या चळवळीच्या आरंभापासून होते. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले, गदरमध्ये सामील झाले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेले. सराभा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. मराठी मंडळ आणि गुरुद्वारा एका व्यासपीठावर येत असतील, तर नामदेवांइतकाच हा दुवाही सांगण्याजोगा आहे, आणि तो अमेरिकेच्या भूमीवर घडलेला आहे.

मिशिगनकाठ

कार्यक्रम गेल्या रविवारी पार पडला. सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, म्हणून काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य समजते.

फलकावर 'कोण नाही' असे एकही वाक्य ठेवले नाही. सर्वांत वर 'तुमचे शेजारी' एवढेच लिहिले आणि त्याखाली स्टॉकटन १९१२ पासून ओक क्रीकपर्यंतची छायाचित्रे लावली. मुख्य भाषण इथेच वाढलेल्या एका तरुण परिचारिकेने केले. तिने धर्मापासून सुरुवात न करता आपल्या रात्रपाळीपासून केली आणि मग हातातले कडे दाखवून, रुग्णाचा हात धरताना ते आपल्याला काय आठवण करून देते, हे सांगितले. नामदेवांची देवळाची कथा मी सांगितली. औंढा हे नाव उच्चारताना इतक्या दूर असूनही घरचे काहीतरी मांडत असल्यासारखे वाटले. पंगतीविषयी गोदाकाठ यांनी लिहिलेला फरकही मी न लपवता सांगितला. पिंगळे आणि सराभा यांच्यासाठी वेळ उरला नाही, ते पुढच्या वेळी.

मशिदीचा विषय निघालाच. एका गृहस्थांनी विचारले की लोक तुम्हाला मुसलमान समजतात तेव्हा तुम्ही काय म्हणता. उत्तर त्या वयस्कर बाईंनी दिले. त्या म्हणाल्या की मी शीख आहे असे सांगते, आणि मुसलमान असते तरीही तुम्ही माझ्याशी असेच बोलायला हवे होते, हेही सांगते. सभागृहात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते गृहस्थ उठून पुढच्या रांगेत येऊन बसले.

प्रश्न लिहून देण्यासाठी आम्ही चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. घरी आल्यावर त्या वेगळ्या केल्या. एकंदर चौतीस निघाल्या. किरपाणाविषयी पाच होत्या आणि बायकांच्या स्थानाविषयी चार. सर्वाधिक, म्हणजे अकरा चिठ्ठ्यांत, थोड्याफार फरकाने एकच गोष्ट विचारली होती: आम्हाला आत यायचे असेल तर आमंत्रण लागते का, काय घालून यावे, देणगी द्यावी लागते का, आणि जेवण झाल्यावर लगेच उठले तर चालते का. त्यांतल्या एका चिठ्ठीवर लिहिले होते की मी पंधरा वर्षे रोज या इमारतीवरून गाडी नेतो.

गुरुद्वाऱ्याचे दार सर्वांना उघडे असते, हे आपल्याला इतके ठाऊक आहे की ते बाहेर लिहावे असे कोणालाच सुचले नव्हते. आता फाटकाजवळ इंग्रजीत एक पाटी लावायचे ठरले आहे. तीवर रविवारच्या वेळा असतील, डोके झाकायला रुमाल आत मिळतो आणि जोडे जोडाघरात ठेवावेत, हे असेल, आणि जेवण सर्वांसाठी आहे, हेही. पाळीपाळीने दोन तरुण दारात उभे राहतील. पाटीचा मजकूर शनिवारपर्यंत पक्का करायचा आहे. खडूफळा, आपण तो एकदा नजरेखालून घालाल का? वाक्ये सोपी आहेत, पण 'देणगी लागत नाही' हे कसे लिहावे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.